तार ओढण्याआधी: टेक्सासात शेतजमीन घेणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन या शहरांपासून तास-दीड तासावर दहा, पंधरा, वीस एकरांचे तुकडे घेणारी मराठी कुटुंबे आता आम्हाला कामाच्या निमित्ताने सारखी भेटतात. आमच्यापैकी कुणी कुंपणाची कामे करतो, कुणी गुरे राखतो, कुणी जमिनीचे कागद पाहतो. व्यवहाराच्या वेळी तुम्ही विचारता ते विहिरीबद्दल, सेप्टिकबद्दल, विजेच्या जोडणीबद्दल आणि शेतजमिनीच्या करसवलतीबद्दल. कुंपणाबद्दल मात्र एकच प्रश्न येतो: "आहे ना?" पुढच्या चार-पाच वर्षांत शेजाऱ्याशी जे काही वाकडे येते, त्यातले बहुतेक याच न विचारलेल्या गोष्टींतून येते. म्हणून हे पत्र.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जमीन तुमच्या नावावर झाली त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या गुरांच्या कुंपणात भागीदार झालात. तुमच्याकडे एकही गाय नसली तरी. पलीकडच्या रँचरची दीडशे गुरे तुमच्या बाजूला ज्या पाच तारांनी अडतात, त्या तारांचे आता तुम्हीही धनी आहात. त्यामुळे तार ओढण्याआधी, तोडण्याआधी, हलवण्याआधी त्याला भेटा. आणि भेटायला जाताना कायदा काय म्हणतो ते माहीत करून घेऊन जा, कारण तो तुम्हाला वाटतो तसा नाही.

आपण ज्या गावांतून आलो तिथे कोंडवाड्याचा कायदा 1871 सालापासून आहे. दुसऱ्याचे जनावर पिकात शिरले तर ते धरायचे, कोंडवाड्यात नेऊन द्यायचे, मालकाने दंड भरून सोडवायचे. ज्याचे जनावर त्याची जबाबदारी, हे आपल्या हाडीमाशी मुरलेले आहे. टेक्सासात मूळ धारणा नेमकी उलटी आहे. राज्य मुळात 'ओपन रेंज'चे, म्हणजे मोकळ्या चराईचे. जनावर मोकळे फिरणार. ते आपल्या बागेत नको असेल तर कुंपण आपण घालायचे. मोकळ्या चराईच्या भागात शेजाऱ्याच्या गाईने तुमची भेंडी आणि दुधी साफ केली आणि तुमचे कुंपण कायद्याच्या मापात बसत नसेल, तर भरपाई मागायला तुम्हाला फारशी जागा उरत नाही.

हे माप राज्याच्या कृषी संहितेच्या 143व्या प्रकरणात दिले आहे. पुरेसे कुंपण म्हणजे किमान 4 फूट उंच. काटेरी तारेचे असेल तर 3 तारा, खांबांमधले अंतर जास्तीत जास्त 30 फूट, आणि दर दोन खांबांच्या मध्ये निदान एक 'स्टे', म्हणजे तारांना एकमेकींशी बांधून ठेवणारी उभी काठी किंवा तार. फळ्यांचे असेल तर 5 इंच रुंद आणि 1 इंच जाड अशा 3 फळ्या. हे कायद्याचे किमान झाले. खरी गाय या मापाला मानत नाही. हिरव्या ओटच्या वासाने ती तीन तारांतून सहज मान घालते आणि मानेमागून सगळी गाय येते.

आता यातला गुंता. काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, जमीनमालकांना निवडणूक घेऊन आपल्या भागात मोकळी चराई बंद करता येते. त्याला 'स्टॉक लॉ' म्हणतात. अशा निवडणुका बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला झाल्या आणि आजही लागू आहेत. पण त्या सगळीकडे सरसकट नाहीत. कुठे पूर्ण काउंटीला लागू, कुठे तिच्यातल्या एका प्रीसिंक्टला, म्हणजे पोटविभागाला. शिवाय कायद्यात दोन वेगळे गट आहेत: घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या एका गटात आणि गाईबैल दुसऱ्या गटात. एकाच रस्त्यावर शेळीला मज्जाव आणि गाईला मुभा, असे होऊ शकते. प्रेसिडिओ, हडस्पेथ, कल्बरसन अशा पश्चिमेकडच्या काही काउंट्यांत तर गुरांसाठी अशी निवडणूक घ्यायलाच कायद्याने मनाई आहे.

तेव्हा पहिले काम हे: काउंटी क्लार्कच्या, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जा आणि कमिशनर्स कोर्टाच्या (नावात कोर्ट असले तरी हे काउंटीचे कारभारी मंडळ) जुन्या इतिवृत्तांत तुमच्या प्रीसिंक्टचा स्टॉक लॉ शोधून द्यायला सांगा. गुरांसाठीचा आणि इतर जनावरांसाठीचा, दोन्ही वेगवेगळे मागा. नोंदी हाताने लिहिलेल्या असतात, अनुक्रमणिका धड नसते, कारकुनाला वेळ लागतो. शेरीफच्या कार्यालयाकडे बहुधा एक तयार यादी असते, कारण फोन त्यांनाच येतात. पण यादीवर न थांबता मूळ नोंदीची प्रत घ्या. ती प्रत जमिनीच्या कागदांबरोबर ठेवायच्या लायकीची आहे.

रस्त्याचा नियम आणखी वेगळा. अमेरिकी हायवे किंवा राज्य हायवे असेल तर स्टॉक लॉ असो वा नसो, जनावर त्यावर मोकळे फिरू देणे गुन्हा आहे; मात्र ते 'जाणूनबुजून' फिरू दिले असले पाहिजे. 2020 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा हायवेवरच्या अपघाताला हाच राज्यभराचा निकष लावायचा, स्थानिक स्टॉक लॉचा नाही. त्याआधी 1999 मध्ये याच न्यायालयाने असेही ठरवले होते की मोकळ्या चराईच्या भागात जनावर रस्त्यापासून दूर ठेवण्याचे वेगळे कर्तव्य परंपरागत कायद्याने (कॉमन लॉ) मालकावर येत नाही. आता लक्ष द्यायची गोष्ट: हायवेच्या या व्याख्येत फार्म-टू-मार्केट (एफएम), म्हणजे शेतशिवाराला बाजाराशी जोडणारा, रस्ता येत नाही. तुमच्या फाट्यावर 'एफएम' आणि पुढे आकडा असलेली पाटी असेल, तर तिथे पुन्हा स्थानिक स्टॉक लॉच पाहायचा. आणि तुम्ही घेता त्या तुकड्यांपैकी बरेचसे एफएम रस्त्यांवरच असतात.

हे सारे वाचून "म्हणजे शेजाऱ्यालाच सगळी मुभा" असा अर्थ काढू नका. मध्य आणि पूर्व टेक्सासात स्टॉक लॉ असलेला भाग मोठा आहे, तिथे गुरे आवरणे मालकाचेच काम. सांगायचे इतकेच की तुमच्या तुकड्याला कोणता नियम आहे हे ठाऊक नसताना कुंपणावर उभे राहून शेजाऱ्याला कायदा ऐकवू नका. त्याच्या पणजोबाने त्या निवडणुकीत मत दिलेले असू शकते.

खर्चाचा प्रश्न लगेच येतो. मिझूरीसारख्या राज्यांत सामाईक कुंपणाचा निम्मा-निम्मा भार कायद्याने वाटून दिला आहे. टेक्सासात तसे नाही. शेजाऱ्याने निम्मे पैसे दिलेच पाहिजेत असा कायदा इथे नाही. तुम्हाला शेळ्या ठेवायच्या म्हणून जाळी हवी असेल, तर त्याने "माझ्या गाईंना पाच तारा पुरतात" म्हणणे अगदी रास्त आहे. मिझूरीची वाटणीची पद्धत मात्र तोंडी कराराला फार उपयोगी पडते: दोघांनी शिवेच्या मध्यबिंदूवर समोरासमोर उभे राहायचे आणि प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताची बाजू सांभाळायची. आपापसात हे ठरले की अर्धे वाद तिथेच मिटतात. ते एका कागदावर लिहून दोघांनी सही केली तर उरलेलेही.

शेजाऱ्याच्या कुंपणाला जोडलेले कुंपण एकट्याने काढता येत नाही. वेगळे व्हायचे तर शेजाऱ्याला सहा महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दोघांची संमती हवी. घर घेतल्या घेतल्या 'ती गंजकी तार काढून छान पांढरे कुंपण लावू' म्हणून पक्कड हातात घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. पलीकडे गुरे असताना तार कापली तर ते निव्वळ कुंपणाचे नुकसान राहत नाही. गुरे राखण्यासाठीचे कुंपण जाणूनबुजून तोडणे हा इथे नुकसानीची रक्कम लहान असली तरी स्टेट जेल फेलनी आहे, म्हणजे तुरुंगवासाचा गंभीर गुन्हा.

इतका कडक कायदा कशासाठी, हे कळले तर शेजाऱ्याचा चेहरा एवढा का बदलतो तेही कळेल. जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट 1874च्या नोव्हेंबरात मिळाले आणि दहा वर्षांच्या आत टेक्सासची मोकळी कुरणे तारांनी आवळली गेली. काहींनी सार्वजनिक जमीन आणि रस्तेही कुंपणात घेतले, पाणवठे बंद केले. 1883च्या दुष्काळात पाण्यावाचून अडलेल्या लोकांनी रात्री तारा कापायला सुरुवात केली, माणसे मेली. गव्हर्नर जॉन आयर्लंड यांनी 1884च्या जानेवारीत विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. कुंपण कापणे फेलनी ठरले आणि त्याच वेळी दुसऱ्याची किंवा सार्वजनिक जमीन वेढणाऱ्यांना कुंपण काढायला सहा महिने दिले गेले. सार्वजनिक रस्ता अडवणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक सक्तीचे झाले. तेव्हापासून इथे कापलेली तार हा घराण्याच्या आठवणीतला विषय आहे.

आता शीव. जुने कुंपण म्हणजे शीव असे धरून चालू नका. गुरे राखण्यासाठी सोयीच्या जागेवरून घातलेली जुनी तार खऱ्या हद्दीपासून कधी 3 फूट, कधी 30 फूट सरकलेली असते: ओढा टाळायला, खडक टाळायला, एखादा मोठा ओक वाचवायला. इथले न्यायालय अशा सोयीच्या कुंपणाला आणि नुसत्या चराईला जमिनीवरचा कब्जा मानत नाही. पण कुणी मुद्दाम हद्द म्हणून नवे कुंपण घातले आणि दहा वर्षे हक्काने वापर केला, तर गोष्ट वेगळी. म्हणून नवे कुंपण घालण्याआधी राज्याचा परवाना असलेल्या सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या, कोपऱ्यांचे लोखंडी रॉड उघडे करून त्यावर रंगीत फीत बांधा आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन सगळी शीव पायी फिरा. झाड किंवा ओढा टाळायला कुंपण आत घ्यायचे ठरले, तर 'हे कुंपण हद्द नाही' असा दोघांच्या सहीचा कागद काउंटी क्लार्ककडे नोंदवून टाका. एका दुपारचे काम आहे, पुढच्या पिढीचे भांडण वाचते.

कुंपण कसे घालायचे यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण खालची आकडेवारी हाताशी नसली की कंत्राटदार सांगेल ते मान्य करावे लागते.

दहा एकरांचा चौरस तुकडा धरा. बाजू 660 फूट, परीघ 2,640 फूट, म्हणजे नेमका अर्धा मैल. काटेरी तारेचे भेंडोळे 1,320 फुटांचे येते. पाच तारांना 10 भेंडोळी लागतात; गाठी आणि कोपऱ्यांच्या वेढ्यांसाठी 11 घ्या. टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचे लोखंडी खांब, 12 फुटांवर ठोकले तर साधारण 220, आणि तार खांबाला धरणाऱ्या क्लिपा 1,100. चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन्ही दिशांनी एच-ब्रेस, म्हणजे एच आकाराचा आधार, लागते: कोपऱ्याचे 4 खांब, ब्रेसचे 8 खांब आणि 8 आडवे दांडे. एका फाटकासाठी आणखी 4 खांब आणि 2 आडवे. अंदाजपत्रकात खांब याहून फार कमी दिसले, तर कोपऱ्यांना ब्रेस एकाच बाजूने धरली आहे असे समजा आणि विचारा.

टी-पोस्ट साडेसहा फुटी घ्या. सहा फुटी खांब दोन फूट आत गेला की वर चारच फूट उरतो आणि 48 इंचांवरची वरची तार टोकावर येते, तिथे क्लिप धरत नाही. खांबाच्या खालची लोखंडी पाकळी (रुंद पट्टी) पूर्ण जमिनीत गेली पाहिजे; ती वर दिसत असेल तर पहिल्या पावसात खांब फिरणार. खांबावरच्या गुठळ्यांची बाजू गुरांकडे आणि तारही गुरांच्याच बाजूला, म्हणजे गाईने रेटले तर जोर खांबावर येतो, क्लिपेवर नाही. दोन्हीकडे गुरे असतील तर जिकडे जास्त गुरे, तिकडे तार. उंची जमिनीपासून 10, 19, 28, 38 आणि 48 इंच ठेवली तर वासरू खालून निघत नाही आणि गाय वरून वाकत नाही.

कुंपण उभे राहते ते कोपऱ्यावर, आणि पडते तेही कोपऱ्यावरच. एच-ब्रेस म्हणजे दोन जाड खांब, त्यांच्या माथ्याजवळ एक आडवा, आणि तिरकी दुहेरी तार. कोपऱ्याचा खांब 8 फुटी, 5-6 इंच जाड, जमिनीत निदान 3 फूट. आडवा 8 फुटांचा असावा, म्हणजे त्याच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या दुप्पट. लाकूड वाचवायला पाच फुटांचा आडवा लावला की तार ताणल्यावर कोपऱ्याचा खांब सरळ वर उपटून येतो. सर्वांत जास्त दिसणारी चूक तिरक्या तारेची. ती दुसऱ्या खांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापर्यंत जायला हवी. कारण कुंपणाचा ताण कोपऱ्याच्या खांबाला आत ओढतो, तो जोर आडव्यातून दुसऱ्या खांबाच्या माथ्यावर जातो, आणि तो माथा मागे धरून ठेवायचे काम त्या तिरक्या तारेचे. उलटी बांधली तर ती काहीच धरत नाही, नुसती दिसायला असते. काम पाहायला जाल तेव्हा आधी हीच तार पाहा. ती उलटी असेल तर पैसे देण्याआधी सोडून पुन्हा बांधून घ्या.

माती पाहून खड्डा. आय-35 महामार्गाच्या पूर्वेला ब्लॅकलँडची काळी माती आहे, आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खड्डा वर अरुंद आणि तळाला रुंद हवा. वर रुंद काँक्रीटची कॉलर ओतली तर फुगणारी माती तिलाच धरून खांब दरवर्षी थोडा थोडा वर ढकलते. पश्चिमेला हिल कंट्रीत चुनखडीचा खडक हातभर खाली लागतो. तिथे रॉक ड्रिलशिवाय कोपरा होत नाही, आणि म्हणूनच तेलविहिरींचे जुने पाइप वेल्ड करून केलेले कोपरे तिकडे जास्त दिसतात. खडक लागला म्हणून खांब दीड फुटावर थांबवणारा माणूस कामाला नको.

ऑगस्टच्या उन्हात तार तंतुवाद्यासारखी ताणू नका. उन्हात ती लांबलेली असते, जानेवारीत आखडते आणि मग गाठीत तुटते किंवा कोपरा हलवते. ताणताना जाड हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि उभे राहायचे ते खांबाच्या पलीकडच्या बाजूला. सुटलेली तार गुंडाळत परत येते आणि तिच्या वाटेत जे असेल ते फाडते.

शेळ्या ठेवणाऱ्यांसाठी: 6 इंची चौकटींच्या जाळीत शिंगाची शेळी डोके घालते आणि ते परत निघत नाही. उन्हात तासाभरात ती मरू शकते, आणि रानकुत्र्यांना तर ती बांधून ठेवलेलीच मिळते. 4 इंची चौकट घ्या, म्हणजे डोके जातच नाही, किंवा 12 इंची उभ्या अंतराची, म्हणजे जाते आणि निघतेही. घोड्यांना काटेरी तार नकोच. घाबरलेला घोडा तारेत पाय घालून ओढतो आणि पाय जातो.

विजेचे कुंपण घालायचे तर बाजारात मिळणारे, झटके देणारे यंत्रच वापरा. घरच्या प्लगमधून थेट तार नेणे म्हणजे माणूस मारणे. काटेरी तारेत वीज सोडू नका, कारण अडकलेल्याला सुटता येत नाही. आणि झटका लागत नाही अशी तक्रार असेल तर यंत्र बदलण्याआधी अर्थिंग पाहा. 6 फुटी तीन सळया, एकमेकींपासून 10 फुटांवर. टेक्सासच्या उन्हाळ्यात माती इतकी सुकते की गाईच्या पायातून वीज परत जातच नाही. तिथे एक तार चालू, एक तार अर्थची, अशी आळीपाळीने लावावी लागते.

ओढ्यावरून पाच तारा सरळ नेऊ नका. पुरात काडीकचरा अडकतो, त्याचा बांध होतो आणि पाणी दोन्हीकडचे शंभर-शंभर फूट कुंपण उपटून नेते. दोन्ही काठांवर ब्रेस बांधून मुख्य कुंपण तिथे संपवा आणि मधला भाग वेगळा, हलका, वरच्या केबलला टांगलेला ठेवा. इथे त्याला 'वॉटर गॅप' म्हणतात. पुरात तो झुलतो किंवा तेवढाच तुटतो. मोठ्या पावसानंतर आधी तिथे जायचे, मग घरात काय गळते ते पाहायचे. आणि ओढा शीव ओलांडत असेल तर पावसानंतर कुणी पाहायचे हे शेजाऱ्याशी आधीच ठरलेले असावे.

फाटक रस्त्यापासून आत घ्या: ट्रक आणि त्यामागचा ट्रेलर पूर्ण रस्त्याबाहेर उभा राहील इतके, म्हणजे 50-60 फूट. रुंदी 16 फूट. वरची बिजागरी उलटी लावा, नाहीतर फाटक कुणीही उचलून काढतो, बैलसुद्धा.

आता करसवलत आणि भाडेपट्टा. शेतजमिनीचे कमी मूल्यांकन मिळावे म्हणून तुम्ही जमीन चराईला देता, हे ठीकच आहे. मागच्या सातपैकी पाच वर्षे जमीन शेतीच्या वापरात असली पाहिजे, मालक बदलला की नव्याने अर्ज करावा लागतो, तो 1 मे च्या आत, आणि वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो. हे सगळे तुम्हाला पाठ असते. पण चराईचा करार मात्र एका पानाचा, त्यात भाडे आणि सही. कुंपणाबद्दल ओळ नाही. वादळात झाड पडून कुंपण मोडले, गुरे एफएम रस्त्यावर आली, तर कोण जबाबदार? सामान कुणाचे, मजुरी कुणाची, रात्री फोन कुणाला, किती तासांत माणूस पोहोचला पाहिजे? किती जनावरे सोडायची, वळू सोडायचा का, सोडला तर त्याची ट्रायकोमोनियासिसची तपासणी झाली आहे का? हा रोग वळूकडून गाईंत पसरतो, गाभ पडतात, आणि वळू बाधित निघाला तर राज्याचे पशुआरोग्य आयोग शेजारच्या कळपांनाही कळवते. तुमच्या भाडेकरूचा वळू शेजाऱ्याच्या कालवडींत गेला तर तो फोन तुम्हाला येणार आहे. भाडेकरूच्या दायित्व विम्याची प्रत घ्या आणि त्यात तुमचे नाव घालायला सांगा.

शेजाऱ्याची गुरे तुमच्याकडे आली तर पहिले काम रस्त्याकडचे फाटक बंद करणे. मग कानातला बिल्ला आणि डाग, म्हणजे अंगावर डागलेली मालकाची खूण, पाहा. डागाची नोंद काउंटी क्लार्ककडे असते आणि दर दहा वर्षांनी ती पुन्हा करावी लागते, म्हणून मालक शोधता येतो. गाडीने पाठलाग करू नका, हॉर्न वाजवू नका. घाबरलेली गाय पुढचे धड कुंपणही मोडते. बादलीत खुराकाच्या गोळ्या घेऊन खडखडवा आणि पुढे चालत राहा, ती मागे येते. मालक सापडत नसेल तर शेरीफला कळवणे बंधनकारक आहे, आणि तेही शक्य तितक्या लवकर, पाच दिवसांच्या आत. जनावर ठेवून घेणे किंवा विकणे हा विचारही नको.

काही गोष्टी खास आपल्या घरांतल्या. कुंपणाला कडेने कण्हेर लावू नका. पूजेला फुले मिळतात, उन्हाळा सोसते, हिरवी राहते, हे सगळे खरे; पण कण्हेरीची थोडी पाने गाईला मारायला पुरतात, आणि छाटलेल्या वाळक्या फांद्याही तितक्याच विषारी असतात. छाटणी कुंपणापलीकडे टाकणे तर कधीच नको, मग ती कशाचीही असो. दिवाळीचे फटाके आणि आकाशकंदील सोडण्याआधी काउंटीची आगबंदी आहे का पाहा. वाळल्या गवतात ठिणगी पडली तर जळते ते शेजाऱ्याचे वर्षभराचे कुरण. फटाके उडवायचेच असतील तर दोन दिवस आधी त्याला सांगा, म्हणजे तो गुरे लांबच्या कुरणात नेईल.

कुत्रे. शहरातून आलेला लाडका कुत्रा वासरांमागे धावला, तर राज्याच्या कायद्याने हल्ला पाहणारा किंवा जनावराचा मालक त्याला मारू शकतो. शेजारी तसे वागेल की नाही हा प्रश्न त्याच्यावर सोडू नका, कुत्रा आवरा.

पाहुण्यांना एक नियम सांगा: फाटक जसे दिसले तसे ठेवायचे. बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे, कारण उघडे फाटकही कधी गुरांना पाण्यावर जाण्यासाठी मुद्दाम उघडलेले असते. कुंपणाच्या खांबावर जांभळा पट्टा दिसला तर तिथून आत जायचे नाही, हेही सांगा. निदान 8 इंच लांब, 1 इंच रुंद, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर असलेला उभा जांभळा पट्टा इथे 'प्रवेशबंदी'च्या पाटीइतकाच कायदेशीर आहे. तुम्हाला स्वतःला लावायचा असेल तर झाडीत दर 100 फुटांना आणि मोकळ्या रानात दर 1,000 फुटांना एक.

ज्यांचा व्यवहार येत्या महिनाभरात पूर्ण व्हायचा आहे त्यांना विनंती: क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या अंतिम सह्यांच्या, आधी विकणाऱ्याकडून शेजाऱ्यांची नावे आणि फोन नंबर मागा, चालू चराईच्या कराराची प्रत मागा, कोणते कुंपण कुणी बांधले ते लेखी मागा. मोजणीचा नकाशा आणि स्टॉक लॉची प्रत घेऊन, ताबा मिळण्याच्या आधीच्या शनिवारी, एकदा शेजाऱ्याच्या फाटकावर जा. हॉर्न वाजवून आत घुसू नका, आधी फोन करा. आणि तुमचा नंबर जाड अक्षरांत तुमच्या फाटकावर लावा, कारण रात्री दोनला रस्त्यावर गाय पाहणाऱ्याला तोच हवा असतो. महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत जमीनखरेदीवर माहितीसत्र ठेवणार असाल, तर त्यात कुंपणासाठी अर्धा तास राखून ठेवा; एच-ब्रेस प्रत्यक्ष बांधून दाखवायला आम्ही सामानासकट येऊ.

आपले,
टेक्सासात कुंपणाची, गुरांची आणि जमिनीच्या कागदांची कामे करणारे काही मराठी शेजारी